गुरुवार सोडून

पत्र्याच्या पलीकडे भांडण जुंपलं होतं आणि अलीकडे वहिनी चादर पिळत होती. पिळताना पाण्याचा आवाज होतो, म्हणून तिनं ती तशीच ओली गाठोडी छातीशी धरून ठेवली. भांडण ऐकायचं तर नीट ऐकावं, अर्धवट ऐकलं की माणूस उरलेलं मनानं रचतो आणि मग पाप लागतं, असं तिचं मत होतं.

"तीन सिलिंडर!" पंक्चर ओरडत होता. "चारचं इंजिन बनवणाऱ्या कंपनीनं तीनचं बनवायचं? उद्या तीन पायांची खुर्ची विकतील, तुम्ही घ्याल!"

"तीन पायांचं स्टूल कधी डुगडुगलेलं पाहिलंस?" हा आवाज भाऊजींचा. "डुगडुगतं ते चार पायांचंच."

"शहाणाच आहेस. अरे, चालू करताना अशी थरथरेल की आत बसलेल्याची कवळी पडेल."

"नाही थरथरत."

"नाही थरथरणार, असं म्हण. अजून गाडी आलीय कुठं?"

"नाही थरथरत, सांगतो ना!"

आणि मग पत्र्याच्या पलीकडे पान्हा खाली ठेवल्याचा आवाज तेवढा आला. मग सेक्रेटरी अगदी हळू, लाडानं विचारावं तसं म्हणाला, "पिस्टन, तुला रे कसं माहीत?"

"अंदाज," भाऊजी म्हणाले.

वहिनीच्या पदरातून पाणी पायावर टपकत होतं, तिला शुद्ध नव्हती. दिराचा आवाज तिच्या ओळखीचा होता. ती या घरात आली तेव्हा ते शाळेत जात होते. दूध सांडलं की "मांजर" म्हणायचे तो हाच आवाज.

आता ही माणसं कोण, ते सांगायला हवं. घराच्या अंगाला पत्र्याची शेड होती. ती वहिनीच्या नवऱ्यानं स्वतःच्या सायकलसाठी बांधली. मग धाकट्या भावानं, म्हणजे भाऊजींनी, एक जुनी गाडी आणून आत घातली आणि सायकल बाहेर उन्हात उभी राहिली. नवऱ्यानं ही गोष्ट जन्मभर पोटात ठेवली. भाऊजी गावाबाहेरच्या मोटारींच्या कारखान्यात इंजिन खात्यात होते, पिस्टन बसवायचे, म्हणून मित्रांत त्यांचं नावच पिस्टन पडलं. लग्न केलं नाही. मुलगी बघायला नेलं तर मुलीच्या बापाची गाडी बघून आले, आणि तिचे टॅपेट वाजतात असं सांगितलं. गाडीचे.

त्याच कारखान्याची, त्याच जुन्या मॉडेलची गाडी आणखी तिघांकडे होती. एक सेक्रेटरी, तोही इंजिन खात्यातलाच, युनियनचा सेक्रेटरी. बोलायला लागला की आधी घसा साफ करायचा, घरी मीठ मागतानासुद्धा. दुसरा पंक्चर, त्याचं कारखान्याच्या फाटकासमोर टायरचं दुकान. तिसरे मास्तर, शाळेत चित्रकला शिकवायचे. पुढं येणाऱ्या गाड्या कशा दिसतील याची चित्रं काढून आणायचे. त्यांच्या प्रत्येक गाडीचं तोंड त्यांच्या सासूवर गेलेलं असायचं, पण तसं कुणी म्हणत नसे. दर रविवारी सकाळी हे चौघे शेडमध्ये जमत, एका गाडीचं बॉनेट उघडत आणि चार डोकी आत घालून दुपारपर्यंत भांडत.

पण त्या वर्षी भांडणाचा रंग बदलला होता. कंपनी नवं मॉडेल काढणार होती. त्याचं इंजिन म्हणे दुसरीकडून तयार होऊन, पेट्यांत बंद होऊन येणार. म्हणजे इंजिन खातं बंद. काही जणांना कंत्राटावर ठेवतील, बाकीच्यांना नमस्कार. ते इंजिन मागच्या एका कुलुपबंद दालनात कापडाखाली झाकून ठेवलं होतं आणि कामगारांपैकी कुणालाही तिथं पाय ठेवायची परवानगी नव्हती. मग थरथरत नाही, हे पिस्टनला कुणी सांगितलं?

वहिनी मुळातच संशयी. दूधवाल्याकडून दूध घेताना ती मापात बोट घालून बघायची. नवरा म्हणायचा, हिला देव भेटला तर ती आधी ओळखपत्र मागेल. तिला एक गोष्ट बरेच दिवस खुपत होती. रविवारी मंडळी उठली की भाऊजी "बॅटरी चार्ज करून येतो" म्हणून गाडी काढायचे आणि बऱ्याच वेळानं परत यायचे. एरवी त्यांच्या हातांना रॉकेलचा नाही तर कपड्यांच्या सोड्याचा वास. काळं वंगण घालवायला ते तेच वापरत. पण रविवारी जेवायला बसले की त्यांच्या हातांना वासाच्या साबणाचा वास यायचा. असा साबण घरात नव्हता.

"बाई असेल," ती नवऱ्याला म्हणाली.

"त्याला बाई?" नवरा म्हणाला. "बाईला चार चाकं असतात का?"

तरी तिला आतून थोडं बरंच वाटलं होतं. उशिरा का होईना, जाऊ जोडीला येईल.

मग तो गुरुवार आला. झालं असं, की सेक्रेटरीनं ठरवलं होतं, नव्या मॉडेलच्या पहिल्या गाड्या ज्या गुरुवारी चाचणीला बाहेर पडणार, त्याच सकाळी सगळ्यांनी हत्यारं खाली ठेवायची आणि मशीनला पाठ लावून बसायचं. बाहेरचे बडे पाहुणे यायचे होते, त्यांच्यासमोर. आधी कुणाला सांगायचं नाही. कामगारांना त्या दिवशी फाटकातच कानात सांगायचं. युनियनच्या ऑफिसात भिंतींना कान आहेत म्हणून हे सगळं शेडमध्ये ठरलं. पत्र्याला वहिनीचे कान आहेत हे कुणाच्या लक्षात आलं नाही. पण वहिनीच्या पोटात गेलेली गोष्ट म्हणजे विहिरीत पडलेला कळसा. गळ टाकल्याशिवाय वर येत नाही.

गुरुवारी सकाळी कामगार गेले तर फाटकाला साखळी. आत पोलीस. नव्या गाड्या आदल्याच दिवशी मागच्या दारानं निघून गेलेल्या, आणि पाहुणेही तिकडंच. फळ्यावर कागद, की बेकायदा कट केल्याबद्दल अमुक माणसाला कामावरून काढलं आहे. तो अमुक म्हणजे सेक्रेटरी. बाकीच्यांना आठवडाभर आत घेणार नव्हते.

कुणीतरी फोडलं होतं. आणि फोडणारा शेडमधला होता, कारण शेडबाहेर ते कुणाला ठाऊकच नव्हतं. मास्तरांचा कंपनीशी संबंध फक्त चित्रांपुरता. सेक्रेटरी स्वतःच्या पोटावर पाय कशाला देईल? पिस्टन तर त्याच खात्यातला, खातं बंद झालं तर त्याचंही घर बसणार. राहिला पंक्चर. साहेब लोकांच्या गाड्यांचे टायर त्याच्याच दुकानात बदलत. साहेब खुर्चीवर बसायचे, चहा प्यायचे. बस, सगळ्यांनी मनात गणित सोडवून टाकलं. दुसऱ्याच दिवशी त्याच्या दुकानासमोर कुणीतरी खिळे पसरले. पंक्चरवाल्याच्या दारात खिळे पसरणं म्हणजे हलवायाला साखर फेकून मारण्यासारखंच. पण ज्यांची हवा गेली ते सायकली हातात धरून चालत पुढच्या दुकानात गेले.

वहिनीनं मात्र ते गणित पुन्हा मांडलं. तिनं साबण धरला.

भाऊजी घरीच होते. ते स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसून जुन्या फडक्यानं काहीतरी पुसत होते. तिनं चहा समोर ठेवला.

"भाऊजी, साबण कुणाचा?"

"कसला साबण?"

"रविवारी हातांना येतो तो. मला वाटलं होतं, बाई आहे. बाई असती तर बरं झालं असतं."

ते आधी लाजले, मग हसले. "ते होय! साहेबांचा, वहिनी. आमच्या इंजिन खात्याच्या साहेबांचा. तुम्हाला खरं वाटणार नाही, त्यांच्याकडे आपल्यासारखीच गाडी आहे. तीच, त्याच सालची! कार्बोरेटर त्यांना जमतच नाही. त्यांनी मला एकदा खात्यात हळूच विचारलं. मी जातो, लावून देतो. पैसे नाही हो घेत, तुम्ही तसं बघू नका."

"आणि मित्रांना सांगितलं नाहीत."

"सेक्रेटरीला सांगितलं असतं तर त्यानं गाडीखाली घातलं असतं मला."

"मग साहेबानं काय दिलं?"

भाऊजींनी फडकं खाली ठेवलं. घरात बाळ झाल्यावर बापाचा चेहरा होतो, तसा त्यांचा चेहरा झाला. "दाखवलं त्यांनी. ते इंजिन. रविवारी कारखाना बंद असतो, त्यांच्याकडे किल्ली. कापड उचललं आणि... वहिनी, काय सांगू! एवढंसं. आपल्या पाट्याएवढं म्हणा ना. चालू केलं तर वर नाणं उभं ठेवलं त्यांनी, पडलं नाही. आणि मग म्हणाले, पिस्टन, तुझ्यासारख्या माणसानं हे नुसतं बघून काय उपयोग? गुरुवारी चाचणी आहे. पहिली गाडी तूच चालव. मी म्हटलं, साहेब, गुरुवार सोडून कुठलाही वार द्या, पण..."

आणि ते थांबले.

चहावर साय धरली. बाहेर नवरा सायकलला तेल देत होता, त्या चाकाचा टरटर आवाज तेवढा येत होता.

"पण काय?" वहिनीनं विचारलं. तिला कळलं होतं. तरी त्यांच्या तोंडून यायला हवं होतं.

"काही नाही. एवढंच म्हटलं. गुरुवार सोडून."

"का, असं नाही विचारलं त्यांनी?"

"नाही."

"मग काय म्हणाले?"

"म्हणाले, बरं, बघू." भाऊजींनी दोन्ही हात गुडघ्यांवर उताणे ठेवले आणि त्यांच्याकडे बघत राहिले. "आणि कापड पुन्हा टाकलं."

बघा, दुसऱ्या कुणी ही चूक केलीच नसती. दुसरा कुणीही "हो साहेब, येतो" म्हणाला असता आणि गुरुवारी मशीनला पाठ लावून बसला असता. पण यांना ती गाडी खरंच चालवायची होती. ती संधी वाया जाईल, याच भीतीनं त्यांनी वार बदलून मागितला.

वहिनीनं चहा उचलून पुन्हा गरम करायला ठेवला. "गप्प राहायचं," ती पाठ करून म्हणाली. "तुम्ही काही विकलं नाही. तोंडातून गेलं. कुणी विचारलं तर आपण काही पाहिलं नाही."

"आणि पंक्चर?"

"त्याचं तो बघेल. त्याला तोंड नाही का?"

नवरा दारात येऊन उभा होता, हातात तेलाची बुदली. "सायकलवाल्याला कुठला साहेब घरी बोलवत नाही," तो म्हणाला आणि गेला.

पण वहिनीचा जीव थाऱ्यावर नव्हता. भाऊजी आंघोळीला गेल्यावर तिनं त्यांची ट्रंक उघडली. एवढं इंजिन नुसतं दाखवतात का कुणी? काहीतरी पाकीट असणार. ट्रंकेत तिनं स्वतः हिवाळ्यात विणलेला स्वेटर होता आणि त्याच्या घडीत जुने स्पार्क प्लग, एकेक रुमालात गुंडाळून ठेवलेले. तिनं रुमालसुद्धा झटकून बघितले. मग स्वेटरची घडी पुन्हा तशीच घालायला तिला फार वेळ लागला.

रविवारी चौघे जमले. पंक्चर येणार नाही असं तिला वाटलं होतं, पण तो आला, आणि सगळ्यांच्या आधी आला. वहिनी पत्र्याअलीकडे कपडे न घेताच उभी राहिली. या वेळी तिला निमित्त सुचलं नाही.

सेक्रेटरीनं घसा साफ केला. "कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, असं म्हणतात. आज इथून एक माणूस उठेल. तो पुन्हा या शेडमध्ये पाय ठेवणार नाही, आणि कारखान्यातला एकही माणूस त्याच्या दुकानात चाक घेऊन जाणार नाही."

"दुकान म्हणालास," पंक्चर म्हणाला. "म्हणजे नाव घ्यायचं राहिलंच नाही. माझ्या दुकानात साहेब चहा पितात, तर तूही पितोस. तूही फुकटच पितोस!"

"पंक्चर, आवाज खाली."

"का? पत्रा तापेल?"

"तो नव्हता," भाऊजी म्हणाले. "मी होतो."

आणि त्यांनी सगळं सांगितलं. साहेबाची गाडी, कार्बोरेटर, कापड, नाणं आणि गुरुवार. वहिनीला वाटलं आता हाणामारी होईल. पण सेक्रेटरी नुसता हसला, आणि ते हसणं मारापेक्षा वाईट होतं.

"किती घेतलेस?"

"काही नाही."

"एक इंजिन बघायला मिळालं म्हणून? मला काय दूधखुळा समजतोस? माझी नोकरी गेली, पिस्टन. आकडा सांग. स्वस्तात गेलो की महागात, तेवढं तरी कळू दे."

"आईच्यान, काही नाही. नुसतं बघितलं."

आणि मग, त्या असल्या वेळी, मास्तर पुढं सरकले. त्यांचं त्यांनाच आवरलं नसणार. "कसं आहे रे?" ते म्हणाले.

"कसं म्हणजे?"

"म्हणजे... टायमिंगला पट्टा की साखळी?"

"साखळी," भाऊजी म्हणाले. "मास्तर, आणि उलटं बसवलंय. नळ्या मागच्या अंगाला."

"मागे? मग स्टार्टर कुठं?" हे पंक्चरनं विचारलं.

"तीच तर गंमत! खाली, इथं..." आणि वहिनीला पत्र्याच्या फटीतून दिसलं, चौघांची डोकी पुन्हा एकत्र आली होती. भाऊजी बोटानं धुळीत रेघा ओढत होते, आणि सेक्रेटरीसुद्धा, ज्याची नोकरी गेली तो सेक्रेटरीसुद्धा, वाकून बघत होता. "मग तेल कुठून फिरतं?" त्यानं विचारलं. आणि विचारता विचारताच त्याला आठवलं आपण कशासाठी जमलोय. तो सरळ झाला. त्यानं चपलेनं ती रेघांची धूळ पुसून टाकली. आधी तो गेला, मग मास्तर, खाली बघत. पंक्चर शेवटी उठला.

"खिळे माझ्या दारात पडले, पिस्टन," तो म्हणाला. "आणि तू दोन दिवस रविवारची वाट बघितलीस."

त्यानंतर तिघांपैकी कुणी भाऊजींशी बोललं नाही. कंपनीनं वर आणखी मीठ चोळलं. फाटक उघडल्यावर भाऊजींना चाचणी खात्यात बढती दिली. भाऊजींनी ती नाकारली, तर लोक म्हणाले, बघा, आता सोवळा बनतोय, आतून काय ठरलंय कोण जाणे. घेतली असती तरी तेच म्हणाले असते. खातं बंद होईपर्यंत ते डबा एकटेच खात होते. ते इंजिनही फार वर्षं चाललं नाही. गाड्या घाटात तापायला लागल्या आणि कंपनीनं दुसरं आणलं. त्यावर शेडमध्ये किती मोठं भांडण झालं असतं! पण शेडमध्ये आता भाऊजी, त्यांची गाडी, आणि पुन्हा आत आलेली सायकल एवढेच होते.

वर्षं गेली. मास्तरांच्या डोळ्यांत मोतीबिंदू आला, गाडी दारात उभी राहिली. उभी गाडी म्हणजे बसलेलं माणूस, सगळे सांधे धरतात. एके दिवशी मास्तरांची बायको बाजारात वहिनीला भेटली आणि भाजी निवडत, वर न बघता म्हणाली, "तुमच्या दिरांना म्हणावं, आठवड्यातून एकदा येऊन चालू करून जातील का? किल्ली दाराच्या खिळ्याला असते. यांना भेटायची गरज नाही." मग सेक्रेटरीकडून निरोप आला, तोही वहिनीलाच. तो आता मालवाहू ट्रक चालवायचा, महिना महिना बाहेर. शेवटी पंक्चरचा पाय मोडला. त्याच्या बायकोनं तर किल्ली वहिनीच्या हातात दिली आणि बजावलं, "पण मी खिडकीत बसणार आहे, हं. यांनीच सांगितलंय."

विश्वास कुणाचाच नव्हता. पण गाडी कुणाकडे द्यायची म्हटलं, की दुसरं नाव तोंडात येत नव्हतं. भाऊजी दर रविवारी फडकं खांद्यावर टाकून निघत. तीन घरं, तीन किल्ल्या. वहिनीनं एकदा विचारलं, "बोलतात का कुणी?" तर म्हणाले, "गाड्या बोलतात." मग थोड्या वेळानं म्हणाले, "पंक्चरची खोकते."

त्यांचा शेवटचा रविवार इतर रविवारांसारखाच होता. छातीत जरा भरल्यासारखं वाटतंय म्हणाले, म्हणून वहिनी हट्टानं बरोबर गेली. मास्तरांकडचं आणि सेक्रेटरीकडचं काम झालं. पंक्चर दारात खुर्ची टाकून बसला होता, पाय स्टुलावर. त्याची बायको खिडकीत.

भाऊजींनी बॉनेट उघडलं. तेलाची कांडी ओढली, पुसली, पुन्हा घातली, पुन्हा ओढली.

"त्याला सांग, चोक जास्त ओढू नको म्हणावं," पंक्चर खिडकीकडे तोंड करून म्हणाला. "मागच्या खेपेला धूर झाला."

"ऐकलंत का, चोक जास्त ओढू नका म्हणतात," बायको म्हणाली.

"बरं," भाऊजी खिडकीला म्हणाले.

त्यांनी गाडी चालू केली. ती खोकली, मग लागली. भाऊजी एक हात बॉनेटच्या कडेवर ठेवून आवाज ऐकत उभे राहिले, आणि खुर्चीत पंक्चरनंही मान तिरकी केली. इंजिन तापल्यावर ते आत बसले. टायर एकाच जागी दबून चपटे होऊ नयेत म्हणून त्यांनी गाडी हातभर पुढं घेतली, हातभर मागं घेतली. मग बंद केली, बॉनेट लावलं आणि काचेवर पडलेला बोटांचा ठसा फडक्यानं पुसला.

किल्ली त्यांनी खिळ्याला अडकवली. पंक्चरच्या बायकोनं खिडकीतून वाकून ती तीच आहे ना, ते बघून घेतलं.